अक्कांचा तंबोरा आणि टॉकीजचा कर्णा

कामाच्या आठवणी लिहायच्या त्या पेन्शनीत गेलेल्या माणसांनी, असा आपल्या दिवाळी अंकांचा रिवाज आहे. मला अजून पस्तिशी लागलेली नाही, आणि पेन्शन मिळेल अशी नोकरी मी कधी केली नाही. पण म्हातारा होईपर्यंत थांबलो तर शहाणा होईन, आणि शहाणी माणसं स्वतःच्या चुका गाळून लिहितात. म्हणून आत्ताच लिहितो.

माझा धंदा लाउडस्पीकरचा. वडील निपाणीला छापखान्यात खिळे जुळवायचे. विडी कामगारांची पत्रकं, सभांच्या जाहिराती, निषेध, आवाहनं. घरात रद्दी होती ती त्याच कागदांची, त्यामुळे मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरून. 'बंधूंनो, जागे व्हा' हे मला बाराखडीच्या आधी वाचता येत होतं. वडील एकच गोष्ट सांगायचे: पत्रक शेवटच्या माणसाच्या हातात पडलं तरच ते छापलं म्हणायचं. मी बेंगळुरात आलो, बळेपेठेत नंजप्पांच्या दुकानी भोंगे लावायला लागलो, आणि तेच तत्त्व सोबत घेऊन आलो. फक्त कागदाच्या जागी आवाज आला.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळावा म्हणून थोडं सांगतो. दोन्ही तळहात तोंडाभोवती धरून हाक मारा. तो झाला कर्णा. आमच्या कर्ण्याच्या मागच्या टोकाला एक पातळ पडदा असतो. तो विजेनं थरथरतो, त्याचा आवाज अरुंद गळ्यातून निघून पुढे रुंद होत जातो, आणि थोड्याशा विजेत लांबवर पोचतो. मैदानात आमचा कायदा एकच, शब्द कळला पाहिजे. जाड आवाज घुमतो आणि शब्द खातो. म्हणून खालचा आवाज सगळा कापायचा आणि क, च, ट, त जिथे वाजतात तो मधला आवाज वर काढायचा. बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेत हरवलेल्या मुलाचं नाव मी याच कायद्यानं पार टेकडीपलीकडे पोचवलं आहे. मूल सापडलं. ते बापाशेजारीच उभं होतं, बाप शेंगा निवडत होता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवारानं सगळे भोंगे लोकांकडे पाठ करून विरोधकाच्या घरावर रोखायला सांगितले. मी नकार दिला. भोंगा लोकांसाठी असतो, कुणाच्या घरावर रोखायला तो तोफ आहे काय, असं एक छोटं भाषणच मी त्याला दिलं. नंजप्पांनी मला बाजूला घेतलं. ते कानडीत बोलायचे, मी मराठी करून लिहितो.

"एनप्पा, काय रे, तुला भोंगे बांधायला ठेवलाय की न्यायनिवाडा करायला?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व खांबावर चढत नाही. तू चढ."

मी चढलो. उमेदवार कॉफी प्यायला गेल्यावर भोंगे परत लोकांकडे वळवले. त्या दिवसापासून मी कुणाच्या घरावर भोंगा रोखला नाही, असं मी अभिमानानं सांगत असे. आता सांगत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

त्या सुमारास टॉकीजना रुंद पडदे बसत होते आणि जुनी ध्वनियंत्रणा भंगारात निघत होती. एका संध्याकाळी यशवंतराव दुकानात आले. सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. शहाजीराजांबरोबर इकडे आलेल्या घराण्यातले. त्यांची मराठी कानडीच्या मांडीवर वाढलेली. आख्खी पेठ त्यांना अण्णा म्हणायची.

"टॉकीजचा एक सेट घेतलाय," ते म्हणाले. "खालची मोठी पेटी आणि वरचा कर्णा. घरी बसवून द्या."

"घरी? कोणत्या समारंभाला?"

"समारंभ नाही. सुम्मने, उगीच, ऐकायला."

"किती माणसं ऐकणार?"

"दोन."

सातशे माणसांसाठी घडलेला कर्णा दोन माणसांसाठी! माझ्या डोक्यात पत्रकच तयार झालं. मी काही बोलायच्या आत नंजप्पांनी काउंटरखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि म्हणाले, "येईल हा. रविवारी येईल."

रविवारी गेलो. बंगला असेल, गालिचे असतील, अशी माझी समजूत. निघालं कौलारू घर. पुढच्या खोलीत नकाशांचं कपाट, एक बाक, आणि राहिलेली सगळी जागा अडवून बसलेली ती पेटी, वर माणसाच्या छातीएवढ्या तोंडाचा लोखंडी कर्णा. बाकापासून कर्णा फार तर बारा फुटांवर. माजघराच्या दारात एक बाई उभ्या होत्या. पांढरं पातळ, बारीक डोळे. अण्णांच्या थोरल्या बहीण. त्यांना सगळे अक्का म्हणायचे.

"हा कोण?" त्यांनी अण्णांना विचारलं.

"गोविंद. सभांना भोंगे लावतो."

"मग इथे कुणाची सभा आहे?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'सभेवाला' झालो.

अक्का आत गेल्यावर अण्णांनी कपाटातला नकाशांचा एक गठ्ठा उचलला. दोन नकाशांच्या मधून एक तबकडी काढली. काळी, जाड, कडेपासून आत केसाएवढी चीर गेलेली.

"हे आमच्या अक्काचं गाणं," ते हळू आवाजात म्हणाले. "लग्नाआधी रेकॉर्डवाले गावात आले होते तेव्हाचं. एवढी एकच तबकडी राहिलीय."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. लग्न झाल्यावर सासऱ्यांनी ही तबकडी कौतुकानं पाहुण्यांना ऐकवली, चावीच्या फोनोवर. दीर हसले. म्हणाले, वहिनी किंचाळतात, आणि बाजाच्या पेटीशी सूरही जुळत नाही. पाहुणेही हसले. पुढे कधीही, कुठल्याही सणाला दिरांचं ते वाक्य घरात म्हटलं जायचं. अक्कांनीही ऐकलं आणि त्यांना ते पटलं. त्यांनी गाणं सोडलं. यजमान गेल्यावर भावाकडे आल्या. शनिवारच्या भजनात त्या तंबोरा धरायच्या, पण तोंड उघडायच्या नाहीत. याला तीस वर्षं झाली होती. दीर अजून होते आणि समोरच्या गल्लीतच राहायचे. सकाळ-संध्याकाळ घरापुढच्या कट्ट्यावर बसायचे.

"तिला वाटतं तिला गाताच येत नव्हतं," अण्णा म्हणाले. "मी ऐकलंय हो तिला. मी दहा वर्षांचा होतो, पण ऐकलंय. मला तिला एकदा तिचा खरा आवाज ऐकवायचाय. टॉकीजमध्ये गाणारीचा आवाज कसा समोर उभा राहतो, तसा."

माझं पत्रक तिथेच विरलं. मी कामाला लागलो.

काम नीट केलं, हे मी आजही म्हणतो. खालच्या पेटीतल्या कागदी पडद्याची कड उंदरांनी कुरतडली होती. आमच्या शेजारच्या मृदंगवाल्याकडून पातळ कातडं आणून ती नवी बसवली. जाड आवाज पेटीला आणि बारीक आवाज कर्ण्याला वाटून देणारी तारेची कॉइल आणि कंडेन्सर, दोन्ही नवे घातले. अण्णांकडच्या ग्रामोफोनचा लोखंडी सुईचा जड हात काढून हलका हात बसवला, म्हणजे तबकडी कमी झिजेल. चिरेमुळे ती जास्त वेळा वाजवण्यातली नव्हतीच. मग नेहमीप्रमाणे माईक लावून "हॅलो, एक, दोन, तीन" म्हटलं आणि आवाज लावला. शब्द काचेसारखा स्वच्छ.

शुक्रवारी अक्का बनशंकरीला जायच्या. तो दिवस अण्णांनी निवडला. आधी आपण दोघं ऐकू, बरं वाटलं तर मग तिला. मी सुई ठेवली. तबकडीतली बाजाची पेटी वाजली, मग एक बाई त्या लोखंडी तोंडातून खोलीभर ओरडायला लागली. शब्द स्पष्ट होते, प्रत्येक शब्द. अण्णांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

दारात अक्का उभ्या होत्या. हातात देवीच्या प्रसादाची पुडी. बस लवकर मिळाली असावी.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

मी सुई उचलली.

"तेव्हा मी छोट्या भोंग्यातून किंचाळत होते," त्या अण्णांना म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "आता तू मोठा आणलास. सरी, ठीक आहे." आणि पुडी बाकावर ठेवून आत गेल्या.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते तबकडी पुसत बसले.

दुकानात येऊन मी नंजप्पांशी भांडलो. माझ्या कामात खोट नाही, रेकॉर्डच तशी असेल, बाईचा आवाजच तसा असेल. शब्द न् शब्द कळत होता.

नंजप्पांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "ती बाई भाषण करत होती का?"

"नाही. गात होती."

"मग शब्द कळवायला कुणी सांगितलं?"

मला आधी राग आला. मग हळूहळू कानशिलं तापली. मी मैदानाचा कायदा बारा फुटांच्या खोलीत लावला होता. खालचा आवाज घुमतो म्हणून कापला, मधला टोचरा आवाज वर काढला, कारण हात त्याच वळणावर गेले होते. दहा वर्षांत मला कुणी गप्प बसून ऐकायला सांगितलंच नव्हतं. मी कायम खांबाच्या मागे उभा, आणि कर्ण्याचं तोंड दुसरीकडे.

पुढच्या रविवारी मी परत गेलो. अण्णा म्हणाले, आणखी एकदाच वाजवू देईन, चीर वाढतेय. म्हणजे ताडून बघायला तबकडी वापरता येणार नव्हती. आणि माझ्या "हॅलो, एक, दोन, तीन" वरचा माझा विश्वास उडाला होता. खाली खर्ज असेल आणि वर बारीक गुणगुण असेल, असा एखादा खरा आवाज हवा होता. तो घरातच होता, कोपऱ्यात, गवसणी घालून.

"अक्का, तुमचा तंबोरा स्वल्प वेळ मिळेल का?"

"तंबोरा सभेत वाजतो काय?"

"माझी चूक झाली. मी ती दुरुस्त करायला आलोय. मला तुमचा कान पाहिजे."

त्यांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे पाहिलं. "तबकडीचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत."

त्यांनी गवसणी काढली, तंबोरा लावला. तारेखालचा रेशमाचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवून त्यांनी जवारी उघडली, म्हणजे त्या तारेत मधमाशीसारखं गुंजन भरलं. मग अण्णा माजघरात तंबोरा छेडत बसले. समोर माझा माईक, त्याची तार पुढच्या खोलीत कर्ण्याला. अक्का बाकावर बसायच्या, कर्ण्यातून ऐकायच्या, उठून माजघराच्या दारात जायच्या, खरा तंबोरा ऐकायच्या, परत येऊन बसायच्या. आणि बोलायच्या.

"हा तंबोरा नव्हे. हा पत्र्याचा डबा."

मी कर्ण्याच्या वाटेत तारेचा रोध घालून त्याचा जोर उतरवला.

"खर्ज कुठाय? खर्जाची तार कुणी खाल्ली?"

मी खाल्ली होती. कापलेला सगळा खालचा आवाज मी पेटीला परत दिला. खोलीची फरशी पायाखाली हलकेच थरारली.

"आता भिंती बोलतात," अक्का म्हणाल्या. अण्णांनी आतून ओरडून सांगितलं, जमखाना आहे ट्रंकेत. तो भिंतीवर टांगला. भिंती गप्प झाल्या.

तरी त्या मान हलवत राहिल्या. "तार एक छेडली की दोनदा लागते. पुढे एक, मागे एक. जशी काही दोन माणसं."

हे मला समजेना. मैदानात नुसते कर्णेच असतात, खालची पेटी नसते, तिथे जुळवायला दुसरं काही नसतंच. मग सुचलं. घड्याळ माईकसमोर ठेवलं आणि कान देऊन ऐकलं. 'टक' च्या जागी 'ट-टक' येत होतं. वरच्या कर्ण्याचा गळा दीड हात लांब, त्याचा पडदा पार मागे. पेटीचा पडदा पुढे. एकच आवाज दोन ठिकाणांहून निघत होता आणि कर्ण्याचा मागाहून पोचत होता. कर्णा पुढे ओढायला हवा होता, पण पेटीवर एवढी जागा नव्हती. अक्का उठल्या, देवघरातला चौरंग घेऊन आल्या आणि त्यावरची धूळ पदरानं पुसून माझ्यापुढे ठेवला. तो पेटीवर ठेवून त्यावर कर्णा पुढे झुकवून बसवला.

"केसभर पुढे," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "आणखी. आता मागे. मागे म्हटलं, सभेवाल्या, पळून जाऊ नको. थांब."

मी थांबलो. खोलीत तंबोरा होता. कर्ण्यात किंवा पेटीत तो वाजतोय असं वाटेना. बाकासमोर, हवेत, बसल्या उंचीवर कुणीतरी मांडीवर घेऊन बसलंय असं वाटत होतं. अक्का माजघराच्या दारात गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. शेवटी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "सरी."

अण्णा बाहेर आले.  मी शब्द दिला होता, त्यामुळे मी स्क्रू गोळा करत बसलो. अण्णा नकाशांच्या कपाटाकडे बघायचे आणि मग खाली. अक्कांना ते दिसत होतं.

"काढ," त्या म्हणाल्या. "एकदाच. आणि मी परत किंचाळले तर ती मी माझ्या हातानं फोडणार. मग त्या कपाटाकडे असं बघत बसायचं नाही."

अण्णांनी तबकडी काढून माझ्या हातात दिली. मैदानात हजार माणसांसमोर माईक बंद पडला आहे, पाऊस येऊन तारा पेटल्या आहेत, पण सुई ठेवायला मी एवढा वेळ कधी लावला नव्हता.

आधी खरखर. मग चिरेची टक, टक. आणि मग गाण्याच्याही आधी, पेटीच्याही आधी, तंबोरा. अगदी मागे, पण होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चावीच्या फोनोवर तो कधी ऐकूच आला नव्हता; त्याच्या एवढ्याशा भोंग्यात खर्ज मावतच नाही. मागच्या शुक्रवारी तो मी मारला होता.

मग अक्का गायल्या. भीमपलासातलं एक पद. बाविशीतला आवाज, भरलेला, जरा घाई असलेला, समोर उभा. बाकावरच्या अक्कांची बोटं मांडीवर तंबोऱ्याच्या चारही तारा छेडत होती, त्यांच्याही नकळत. हार्मोनियम गाण्याच्या मागून येत होती. एका जागी आवाज गंधारावर थांबला, पेटीही थांबली, आणि दोन्हींमध्ये काहीतरी करकरलं.

"थांबव," अक्का म्हणाल्या.

मी सुई उचलली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. मी तबकडीकडे हात नेला, ती त्यांच्या आधी आपण उचलावी म्हणून. खरं सांगतो, मी पळवणार होतो.

"पेटीवाल्याचा गंधार चढा आहे," अक्का म्हणाल्या.

मी हात मागे घेतला.

"मी तंबोऱ्याला धरून गायले. तंबोऱ्याशी बरोबर आहे. ऐकलंस ना, यशवंता? मी बरोबर आहे. तो पेटीवाला चढा." त्या थांबल्या. "तंबोरा कुणाला ऐकूच आला नाही. मलासुद्धा. सगळ्यांनी पेटीशी माप घेतलं."

अण्णांनी श्वास सोडला. तो इतका मोठा होता की मला हसू आलं, आणि मग कळलं की मीही आत्ताच सोडला. मी बाकाच्या टोकाला बसलो. 

अक्का पदरानं चष्मा पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी तो घातला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "परत लाव. पहिल्यापासून."

"अक्का, चीर आहे," अण्णा म्हणाले. "एकदाच म्हणाली होतीस."

"किंचाळले तर एकदाच म्हणाले होते. सभेवाल्या, ते स्वल्प मोठं कर. आणि यशवंता, खिडकी उघड."

अण्णांनी खिडकी उघडली. समोर गल्ली, गल्लीपलीकडे कट्टा. रविवारची सकाळ, कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. ते कोण हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अक्कांनी मला कर्णा फिरवायला सांगितलं नव्हतं. तो मी आपणहून फिरवला, चौरंगासकट, तोंड थेट कट्ट्यावर. सकाळभर केसाकेसानं जुळवलेलं सगळं त्यात बिघडलं. मग सुई ठेवली.